दोन्ही गावांत घर नंबर एक

लाखांदूरच्या पतसंस्थेत राउटर टेबलाखाली,
त्यावर वहीचा पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चहाचा गोल डाग.
साकोलीच्या शाखेत तो कपाटावर,
शेजारी कोणाच्या तरी सत्काराचा नारळ.
मधे धानाच्या बांध्या, आणि इंटरनेट,
म्हणजे आठवडी बाजार:
मागे उभं राहून कोण काय वाचतंय, कळत नाही.

मला सांगितलं होतं, जोडून दे.

पहिली अडचण साधी.
दोन्हीकडे घर नंबर एक, दोन, तीन,
डबा फोडला तेव्हा होते तसेच.
इथला प्रिंटर आणि तिथला कॅशियर एकाच पत्त्यावर.
चिठ्ठी निघाली असती नि दारातूनच परत आली असती.
म्हणून साकोलीचं सगळं गाव नव्याने मोजलं,
रात्री साडेनऊपर्यंत.

मग किल्ली, आणि तिचा दाखला.
मारोतराव नाकाडे म्हणाले,
"मोबाइलवर धाडून दे ना वं बाई, जाणं कायले?"
ज्या रस्त्याची भीती, त्याच रस्त्याने किल्ली?
पेनड्राइव्ह चष्म्याच्या घरात ठेवून
सकाळची एसटी धरली.

तरी भुयार उघडेना.
किल्ली बरोबर, दाखला बरोबर, वायर बरोबर.
दीड तासाने पाहिलं: रात्री लाइन गेली होती,
राउटरचं घड्याळ एकोणीसशे सत्तरमध्ये जाऊन बसलेलं.
त्याच्या हिशेबाने माझा दाखला
अजून जन्मायचाच होता.
अनोळखी माणसाला त्याने आत घेतलं नाही.
मला राग यायला हवा होता.

घड्याळ लावलं. हाक दिली.
चाळीस मिलिसेकंदांत लाखांदूरहून ओ आली.
भाग्यरेखा लांजेवार खुर्ची ओढून जवळ बसल्या:
"वाटेत कोणी धरलं तं?"
धरलं, तर पाकीट कुठून कुठे चाललंय तेवढं दिसेल.
फोडलं, तर आत नुसता कोंडा.
"आन् तांदूळ?"
तो दोन्ही टोकांनाच.
त्यांनी एका खात्याची शिल्लक मागवून पाहिली,
मग स्वतःच्या.

परतीच्या एसटीत मागच्या सीटवरची मुलगी
फोनवर सांगत होती, सोयरीक का मोडली,
कोण काय बोललं, अंगठी कोणाकडे राहिली.
अख्खी गाडी गप्प.
कंडक्टरने तिकिटाचे सुटे परत द्यायला
उगाच वेळ लावला.
मी खिडकीची काच ओढून घेतली,
जणू आवाज बाहेरून येत होता.