गिऱ्हाईक

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी
माझी आई धक्क्यावर आली.
काळा झगा, काळा रुमाल, पायात बाबांचे बूट.
माझ्या हातावर पाकीट ठेवलं:
तीनशे युरो, विसाविसाच्या नोटा,
ओरेगानोच्या डब्याचा वास असलेल्या.
"अख्खा दिवस. एकटीला. बाकी कुणी नको.
पाटीवर तसंच लिहिलंयस ना?"

मी म्हटलं, तुझ्याकडून पैसे घेऊ?
"सारांती, गिऱ्हाइकाशी वाद घालू नये.
शिडी धर."

एक्क्याऐंशी वर्षं बेटावर राहून
तिला पोहता येत नाही.
समुद्र तिनं कायम वरून पाहिला,
जवाच्या बांधावरून, गाढवाच्या दोन कानांमधून:
खाली निळं काहीतरी,
ज्यात माणसं जातात आणि उशिरा येतात.

मेल्तेमी पडलेला. शिडात वारा
झोपेतल्या माणसानं कूस बदलावी एवढाच.
इंजिन लावू का, विचारलं.
"शिडाचे पैसे दिलेत मी."
मग तासभर
तेच एक पांढरं देऊळ आमच्या डाव्या हाताला,
आणि त्याच्या भिंतीवर तीच एक शेळी.

पहिल्या पुळणीपाशी
माझं रोजचं पाठांतर सुरू झालं:
ही गुहा, हे पाणी, नशीब असेल तर इथं सील दिसतो.
"जाळं फाटलं की तुझा बाप सीलचं नाव घ्यायचा.
फाटायचं ते जुनं झालं म्हणून."

दुसऱ्या पुळणीपाशी काहीच बोलली नाही.
मांडीवर टोमॅटो कापला,
निम्मा मला दिला,
मोठा निम्मा.

तिसरी पुळण अनेझोमावशीची.
म्हणजे होती.
आजोबांनी वाटण्या केल्या तेव्हा
थोरलीला, आईला, जवाचं शेत, विहिरीसकट;
धाकट्या अनेझोला ही वाळू.
वाळूत काय येतं? खारं गवत.
तेही शेळी पुन्हा तोंडात घेत नाही.
मावशी आठ दिवस जेवली नव्हती.
"मी जेवले," आई म्हणाली. "पोटभर.
तिच्यासमोर बसून."

मावशी पिरेयसला गेली, दुसऱ्यांचे कोट शिवत राहिली.
वाळू तिच्या मुलांनी विकली, ती गेल्यावर;
केवढ्याला, ते गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही.
आमचं शेत पडीक आहे.
विहिरीतून अंजिराचं झाड वर आलंय.

नांगर टाकला. आईला छोट्या होडीत घेतलं,
काठाशी उतरवलं.
घोटाभर पाण्यात उभी राहिली,
झगा दोन्ही मुठींत धरून,
पोटऱ्या कणकेच्या गोळ्यासारख्या पांढऱ्या.
त्या मी जन्मात पहिल्यांदा पाहिल्या.
मागं छत्र्यांच्या चार रांगा, बहुतेक मिटलेल्या.
एक पोरगा आला, लारिसाकडचा, नम्र:
"आजी, बसायचं असेल तर
खुर्चीचे तीस युरो."

आई हसायला लागली.
इतकी, की मला तिचा दंड धरावा लागला.
मग पाण्याकडे तोंड करून ओरडली:
"अनेझो! ऐकलंस का गं?"
पिरेयस त्या बाजूला नाही.
मी काही बोललो नाही.
हसणं थांबल्यावरही ती तशीच उभी होती,
झगा सोडून दिलेला, काठ भिजत.

परतताना वारा भरला.
तिनं सुकाणू मागितलं.
मी हात खाली धरून होतो, तिला न दिसेल असा.
वळायची वेळ आली तेव्हा तिनं जीभ टाळूला लावून
गाढवाला देतात तो आवाज काढला,
आणि बोट, देवाशप्पथ, वळली.

धक्क्यावर उतरताना पाकीट परत मागितलं,
अंगठा ओला करून मोजलं,
एक नोट काढून घेतली.

"सील दिसला नाही," म्हणाली,
आणि बूट हातात धरून
चढ चढायला लागली.