तीन बोटं

कॅनडा कॉर्नरला जिन्याखाली आमचं दुकान,
सात बाय अकरा. पाटीवर भावाचं नाव,
स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात.
येणारा माझ्याकडे बघूनच विचारतो, "कुणी आहे का?"

काठे काकांनी तसं विचारलं नाही.
जेलरोडहून बसने आलेले, नोट प्रेसमधून निवृत्त,
बोटांना अजून कोपरे जुळवायची सवय.
काउंटरवरची माझी बिलं
त्यांनी बोलता बोलता सरळ करून टाकली.
मग पिशवीतून काढल्या दोन कानटोप्या,
एक मरून, एक राखाडी,
आणि प्रत्येकीत एकेक ग्राफिक्स कार्ड.

"लोकरीत नका ठेवू काका," मी ओरडलेच जवळजवळ,
"लोकर ठिणगी धरते."
"त्यांच्याच आहेत," ते म्हणाले,
"कार्डंही, टोप्याही."

हेरंब चाकणला. उन्मेष होसूरला.
घरी होते तेव्हा दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर,
मधल्या भिंतीवर बुक्क्या.
कुणाचं कार्ड आधी आलं यावरून वर्षभर अबोला,
आणि कार्डं बघाल तर एकाच कंपनीची, एकाच नंबरची.
"दोघं एका पाटावर बसतील
असा मदरबोर्ड द्या."

आधी स्वस्तातला दाखवला.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी खाचा मोजल्या.
दोन. सारख्याच लांब. "हा चालेल की."
नाही चालणार, काका. लांबी दोन्हींची सोळाचीच,
पण खालच्या खाचेत वाकून बघा,
चारच रस्ते आत जातात, पुढे नुसतं प्लास्टिक.
ताट तेवढंच, वाढलेलं कमी.
(मी घरातली दुसरी.
हे कळायला मला मॅन्युअल लागलं नाही.)

"मदर म्हणजे आईच ना?
मग असं कसं वाढते?"

वरच्या फळीवरून दुसरा उतरवला,
साडेआठ हजारांनी महाग.
यात एकटा असला की सोळा,
दुसरा येऊन बसला की आठ-आठ.
पहिल्याच्या पानातलं काढून, न विचारता.
काका त्या आठ-आठवर थांबले.
"आमच्या हिचं असंच होतं.
आंबा एक असला तरी आधी सुरी मोजायची."

मग अंतराचं सांगितलं.
दोन कार्डांमध्ये तीन बोटं मोकळी हवीत,
नाहीतर खालच्याच्या पाठीची वाफ
वरचा पंखा दिवसभर पीत राहतो.
काकांनी आपली तीन बोटं तिथं घालून बघितली.
"घर बांधताना हे कुणी बोललं नाही.
आम्ही डायरेक्ट भिंतच घातली."

दोघांना जोडणारी छोटी पट्टी लागते, तिला पूल म्हणतात.
त्याची लांबी मधल्या अंतरावरून ठरते.
तो सापडला ड्रॉवरमध्ये,
मेलेल्या रॅम आणि एका तुटक्या पैंजणाखाली.
त्याचे पैसे लावले नाहीत.

खरं सांगणं भाग होतं.
आताचे गेम दोन कार्डं ओळखत नाहीत काका,
एक राबतं, दुसरं वीज खात बसतं.
त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली.
गाड्यांच्या शर्यतीचा कुठलासा जुना गेम,
बॉलपेनने, चुकीच्या स्पेलिंगात.
"हा ओळखेल?"
हा त्या काळातला. ओळखेल.
"मग बाकीच्यांशी मला काय करायचंय?
दिवाळीत तीन दिवस येतात.
त्यातला एक तर झोपूनच जातो."

साडेआठशे वॅटचा पॉवर सप्लाय घ्यावा लागेल म्हटल्यावर मात्र
अर्धा तास घासाघीस,
आणि पैसे देताना एकेक नोट
ट्यूबलाइटसमोर धरून.

शनिवारी मशीन चालू केलं.
पंखे आधी जोरात, मग हळू.
वरचं खालच्यापेक्षा चार अंशांनी गरम,
तेवढं चालतं.
फोन केला, "बसले दोघं."
पलीकडे बराच वेळ नुसता कुकर.
मग म्हणाले, "टोप्या तिथंच राहिल्या का?"

राहिल्या होत्या.
शटरखालून सकाळपासून गार वारा येत होता,
राखाडी माझ्या डोक्यावर होती.