बॉडी

कुपवाडच्या रस्त्याला, वजनकाट्याच्या पुढं,
आमचा पत्र्याचा फलक होता :
मोनाप्पा सुतार, बॉडी बिल्डर.
पहिल्याच वर्षी बुधगावचा एक पोरगा आला,
बाह्या दुमडून म्हणाला, महिन्याची फी किती?
अप्पांनी पटाशी खाली ठेवली,
आपल्या काडीएवढ्या दंडाकडं बघितलं,
म्हणाले, पोरा, आधी चॅसी घेऊन ये.

चॅसी यायची ती नुसता सांगाडा.
वर ना छप्पर, ना दार,
खोक्यावर बसलेला ड्रायव्हर, तोंडाला टॉवेल,
पापण्यांवर तीन जिल्ह्यांची धूळ.
अप्पा तिच्याभोवती एक फेरी मारायचे
मुलगी बघायला आल्यासारखी,
मग महिनाभर गिरमिट, रंधा, नटबोल्ट,
बाभळीचे आडवे, सालाच्या फळ्या,
सगळ्यात शेवटी फाळका.
फाळका बसला की बॉडी झाली.

शाळेत मॅडमनी विचारलं, बॉडी म्हणजे?
मी उभी राहून सांगितलं :
तीन बाजू, एक फाळका, चौदा कड्या.
वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, शरीर.
वहीत लिहून घेतलं, पटलं नाही.
शरीराला फाळका कुठं असतो?

मग तो शब्द जाईल तिथं भेटायला लागला.
हरभट रोडच्या दुकानात आई
बाकीची गिऱ्हाइकं पांगायची वाट बघायची
आणि उधारी मागावी तसं हळूच म्हणायची,
बॉडी दाखवा. चौतीसची.
मावसभाऊ शिवलिंग सकाळी सहा अंडी प्यायचा,
आरशासमोर श्वास रोखून, बॉडी बनतीय बघ.
अप्पा विचारायचे, पासिंगला कधी नेणार?
सोसायटीत जुनी बॉडी पडली, नवी आली,
गुलालानं माखून आमच्या दारावरनं गेली.
जुन्या बॉडीकडं आमचे अकरा हजार होते,
नव्या बॉडीनं ते ओळखलेच नाहीत.
एकदा ढलपी उडून डोळ्यात गेली.
मिरजेचे डॉक्टर बॅटरी मारून म्हणाले,
फॉरेन बॉडी आहे.
अप्पा एका डोळ्यानं रडत, दुसऱ्यानं हसत,
फॉरेनची कसली साहेब,
डिग्रजची बाभूळ हाय.

मी हिशेबाला बसले तेव्हापासून
फोनवर दिवसातनं दहादा एकच :
बॉडी कधी मिळणार?
आणि माझं ठरलेलं :
फाळका राहिलाय. उद्या संध्याकाळी.

म्हणून सिव्हिलच्या मागच्या बाजूला
त्या खिडकीतल्या माणसानं
रजिस्टरावरनं मान न उचलता विचारलं,
सुतारांची बॉडी कुणाच्या ताब्यात द्यायची,
तेव्हा माझ्या तोंडात आलंच होतं,
फाळका राहिलाय.

जीभ दाताखाली धरली.
सही केली. वेळ घातली, पाच चाळीस.
तो म्हणाला, गाडी आणलीय का?

आणली होती. अंकलीच्या इनामदारांचा टेम्पो,
द्राक्षाचे क्रेट उतरवून तसाच आलेला.
फळीला धरून वर चढले
आणि हाताला आधी कळलं, ही जोडणी कुणाची.
कोपऱ्यात पेन्सिलीचे आकडे,
अप्पांचा तो पाय लांबवून बसलेला पाच.
कुणाला बोलले नाही.
फाळका लावताना एक कडी बसेना.
शिवलिंगनं जोर लावला,
सगळ्या बॉडीनिशी लावला,
तरी बसेना.
जरा उचलून ढकल, म्हटलं.
बसली.

तेराव्यानंतर जतहून फोन आला.
माणूस भला होता, अडखळत होता,
ताई, ऐकलं, फार वाईट झालं,
आणि ते आपलं, म्हणजे घाई नाही,
पण ते बॉडीचं…
शेडमध्ये चॅसी उभी होती,
ड्रायव्हरच्या खोक्यावर मांजर निजलेलं,
भुशात अजून अप्पांच्या चपलेचे ठसे.
दोन बाजू झाल्यात, मी म्हटलं.
तिसरीचं माप
मला घ्यावं लागंल.