फीडर तीन

दिवाडीला खाजणाच्या बांधापाशी, पत्र्याच्या शेडमध्ये
आमचं इंजिन होतं. सहा सिलिंडर,
त्यातला चौथा कायमचा दमेकरी.
तेल यायचं फेरीतून, पिंपांतून.
तारा नदी ओलांडत नव्हत्या,
म्हणून जेवढी केली तेवढीच वीज, आणि ती आमचीच.

कायतान इंजिनाच्या पाठीवर नाणं उभं करायचा,
पोर्तुगीज, कडा झिजलेलं.
उभं राहिलं की म्हणायचा, बरें आसा.
मीटर मागाहून. आधी कान.
"गिरण लागली बघ," म्हणायचा,
आणि खरंच आवाज अर्धा सूर खाली बसलेला असायचा.
एरमेलिंदाबाईचा चाळीसचा दिवा लागतो
तोही ऐकू येतो म्हणे. थाप होती.
चाळीस वॅट इंजिनाच्या गावीही नसतात.
पण तिची खिडकी उजळल्याशिवाय
त्यानं चहाला हात लावलेला मी पाहिला नाही.

अकराला पाच कमी असताना
दिवे दोनदा मिचकवायचे, मग बंद.
कुणाची भांडी, कुणाचा तिसरा गुलाम,
सगळं त्या पाच मिनिटांत.

तो गेला गुरुवारी, संध्याकाळी.
टाकीत मोजपट्टी घातली तर टोकच ओलं.
पुढची पिंपं शनिवारी.
मेस्त बोस्त्यांवचा पोरगा धावत आला :
फणसाच्या फळ्या मिळाल्या, पेटी सकाळी हवी,
रंधा मारायला उजेड पाहिजे.

मी दिवे मिचकवले नाहीत.
फीडर एक खाली ओढला. मग दोन.
मग चार, त्यात माझं घर.
तीन राहू दिला.

इंजिनाला एकट्यादुकट्यासाठी फिरणं सोसत नाही.
भार नसला की तेल धड जळत नाही,
धुराड्यातून ओलं काळं गळत राहतं.
मी नाणं उभं केलं. पडलं.
पुन्हा केलं. पुन्हा पडलं, ते जाळीखाली गेलं.
शोधलं नाही.
माणसं मिचकावण्याची वाट पाहत
अंधारात तशीच जागी असावीत,
कारण कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती.

साडेचारला बोस्त्यांवनं दिवा मालवला.
ते मला ऐकू आलं.

नोंदवहीत लिहिलं :
फीडर तीन. भार नगण्य. तेल एकोणीस लिटर.
'कारण' या रकान्यात : चाचणी.
पणजीहून पत्र आलंय,
कसली चाचणी, कुणाच्या हुकमानं.
ते टेबलावर आहे. त्याच्यावर
चौथ्या सिलिंडरचा काढलेला नॉझल ठेवलाय.