अ-ब-अ

उद्या संशोधन पद्धतीचा पेपर.
खाली चार माग, वर मी,
मधल्या फळ्या रात्रभर
तळपायाला धोट्याचा ठेका सांगतात.

पुस्तकातलं पहिलंच उदाहरण:
गोंगाटाचा स्मरणावर परिणाम.
वीस मुलं शांत खोलीत, वीस गोंगाटात,
कोण कुठे, ते चिठ्ठ्या टाकून.
हसू आलं.
वडगावच्या ह्या गल्लीत चिठ्ठ्या टाकल्या कुणी,
आणि शांत खोलीच्या सगळ्या
टिळकवाडीलाच कशा निघाल्या?

चिठ्ठ्या नसतील तर तो खरा प्रयोग नव्हे,
प्रयोगासारखं काहीतरी. दोन मार्कांना येतं.
काकाची जुळी, सातेरी आणि सोमनिंग:
नाव घालायच्या दिवशी सोमनिंगला गोवर,
म्हणून सातेरी एकटा मराठी शाळेत;
हा पंधरवड्यानं, जवळच्या कानडीत.
आज एक पिंपरीत फिटर,
दुसरा हेस्कॉमात लाइनमन.
गल्ली म्हणते, भाषेमुळं.
मी समासात लिहिते: गोवराचं काय?

दहा चाळीसला खालून विरुपाक्षमामा ओरडले,
"करंट होतु!"
माग थांबले.
सोमनिंगला फोन लावला तर म्हणाला,
जंप तुटलाय अक्का, बस की जरा गप.

बसले. मेणबत्तीत पान स्वच्छ दिसत होतं
आणि स्वतंत्र परिवर्त्याची व्याख्या आठवेना.
सहसंबंध म्हणजे...
सहसंबंध म्हणजे...
पाल चुकचुकली तेवढी ऐकू आली.

बाबा वर आले पाणी प्यायला.
हळू काहीतरी विचारलं मी,
ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.
दीर्घकालीन अभ्यास:
त्याच व्यक्तीची वर्षानुवर्षं नोंद.
तीस वर्षं झाली मागावर.
साड्यांच्या मजुरीची वही आहे,
कानांची नाही.
संमतिपत्रही सापडणार नाही कुठे.

बारा पाच. "करंट बंतु!"
चारही माग एकदम सुटले,
आणि व्याख्या आली, उदाहरणासकट,
धोट्यावर बसून,
इकडून कारण, तिकडून परिणाम,
इकडून कारण

गोंगाट, शांतता, परत गोंगाट.
ह्याला अ-ब-अ म्हणतात, पान एकशे बारा.
नमुना एक. निष्कर्ष सर्वांना लावू नये.
लावत नाही.

उद्या परीक्षेच्या हॉलमध्ये
पंखासुद्धा मुका निघाला तर
टाचेनं फरशीवर ठेका धरीन, हळूच.
पुढची वळून बघेल.
बघू दे.