मागचं व्हर्जन

भुजंगराव गिराम काठी दाराला टेकवतात,
फोन काउंटरवर उताणा ठेवतात,
म्हणतात, मुजीब, हिचा आवाज बदललाय.

परवा रात्री चार्जिंगला लावला होता.
नातवानं काही दाबलं, का आपोआपच झालं,
सकाळी पाहतो तर
(पाहतो, असंच म्हणतात ते)
दुसरीच कोणी बाई बोलायलीय आतून.
गुळगुळीत. शहाणी.
तारीख सांगते, बॅटरी सांगते, मेसेज वाचते,
कुठंच चुकत नाही.
जुनीला 'जिंतूर' म्हणता यायचं नाही.
'जीन तूर' म्हणायची बिचारी, मधे दम खाऊन,
जसं काही एका बाजूला जिनिंग
आणि दुसऱ्या बाजूला तुरीचं वावर.
चार वर्षं ऐकली.
तीच पायजे.

मी म्हणालो, मामा, कंपनी पुढं जाते, मागं येत नाही.
नव्यात सुरक्षा जास्त आहे.
नोटांचंही असंच सांगितलं होतं, ते म्हणाले.
खिशातून दोन काढल्या, अंगठ्यानं मोजल्या:
ही शंभराची का दोनशेची?
पूर्वी बोटाला विचारलं की पुरायचं.

मग लॅपटॉप उघडला.
जुनं व्हर्जन उतरवता उतरवता साडेतीन वाजले.
सेलूचं नेट म्हणजे सिग्नल न मिळालेली मालगाडी.
सांगून टाकलं, कुलूप काढावं लागेल मामा,
सगळं पुसलं जाईल.
फोटो?
फोटो घेऊन मी काय करू.
मेसेज?
वाचलेत की तिनं.
आणि नंबर?

हसले.
अठरा वर्षं स्टेशन रोडला एसटीडी बूथ होता त्यांचा.
पिवळी पाटी, काचेचं दार, आत एकाच माणसापुरती हवा.
लिही, म्हणाले.
मी पावतीबुकाच्या पाठीवर लिहीत गेलो.
मोठी लेक, मानवतची. दवाखाना. दूधवाला.
आडतीतला मुनीम, त्याचे दोन.
चहा आला, त्यांनी बशीत ओतला,
आकडे काही थांबले नाहीत.
मधेच एक लांबलचक नंबर,
शून्य शून्य नऊ सहा सहा पासून सुरू झालेला,
अर्ध्यात ते थबकले.
हा राहू दे. तुझ्या अब्बाचा, रियादचा.
लागायचा नाही आता. सवयीनं आला तोंडात.

जुम्म्याच्या जुम्म्याला आम्ही तिघं भावंडं
त्या काचेच्या दाराबाहेर उभी असायचो,
आत अम्मी, आणि मीटरवर पळणारे लाल आकडे.
मीटर त्यांना दिसायचं नाही.
तरी पैसे बरोबर सांगायचे,
कधी कधी कमी.

उरलेला अर्धा नंबर त्यांना विचारून
मी लिहून घेतला.

केबल लावली. पॉवर आणि आवाजाचं खालचं बटण
दोन्ही एकदम, दहापर्यंत मोजून.
पट्टी सरकायला लागली.
किती झालं?
एकतीस.
किती झालं?
चौऱ्याऐंशी.
लाइट गेली ना रे?
गेली. तुम्हाला कसं...
पंखा थांबला, वेड्या.
लॅपटॉपची बॅटरी दहा टक्के. आठ. आठ. सात.
दोघंही बोललो नाही.

फोन थरथरला.
आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरली,
आणि ती बोलली.
भुजंगरावांनी कान इतका जवळ नेला
की काचेवर वाफ धरली.
तीच, म्हणाले. तीच हाय.

मग तिनं भाषा विचारली.
मग तारीख. मग, आपले नाव प्रविष्ट करा.

चार वर्षं, ते म्हणाले,
आणि नाव विचारायलीय.
रागानं नाही. एकेक अक्षर सांगत गेले,
बूथवर पहिल्यांदा आलेल्या माणसाला
कोड सांगावा तसे.

नंबर भरून होईपर्यंत अंधारलं होतं.
दोनशे घे म्हणाले, दिले शंभर.
मी काही बोललो नाही.
जाताना दारात उभं राहून
गाड्यांचं वेळापत्रक वाचायला लावलं तिला,
'जीन तूर' ऐकलं, आणि काठी उचलली.

आपोआप अपडेट बंद केलं का मी?
नक्की आठवत नाही.

नंतर एक जण स्क्रीनगार्ड लावून गेला,
त्याला पक्की पावती पाहिजे होती.
बुक संपलंय, म्हणालो.
वरचंच पान फाडावं लागलं असतं.