सुट्टे

जहाजाच्या सहलीचे ऐंशी युरो होते.
छातीवर चिकटवायला गोल आकडा, थंडगार बस,
काठीवर निळं बदक उंच धरून पुढे चालणारी एक मुलगी.
मी सगळ्यात खालच्या मजल्यावरची, बिनखिडकीच्या केबिनची.
ऐंशी युरोंत माझ्या दोन रात्री येतात.
म्हणून बाटलीत पाणी भरलं,
न्याहारीतली दोन उकडलेली अंडी रुमालात बांधली
आणि उतरले. सुटी.

फाटकाबाहेर टॅक्सीवाले:
मादाम, कार्थेज! मादाम, सिदी बू सईद!
साठ! चाळीस! तुमच्यासाठी तीस!
बत्तीस वर्षं सहकारी बँकेत रोखपाल होते मी,
घासाघीस मला नुसत्या वासावर कळते.
हसत, मान हलवत चालत राहिले
किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीतून.

ला गुलेतचं स्टेशन: एक फलाट, एक मांजर, एक खिडकी.
वीस दिनारची नोट आत सरकवली.
तिकीट एका दिनारच्याही आतलं.
खिडकीतला म्हणाला, सर्फ नाही.
सर्फ. मला सराफ आठवला,
आणि कळलं, सुट्टे नाहीत.
हेच वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल
मान वर न करता.

मागून एक हात आला, मेंदी उतरत आलेला,
नाणं ठेवून गेला. दोन तिकिटं.
दुसऱ्या हातात खुर्ची होती.
खरीच खुर्ची. लाकडी,
बैठक नव्या गवताने नुकतीच विणलेली.

डब्यात जागा नव्हती. बाईने खुर्ची वाटेतच मांडली,
माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं
आणि म्हणाली, कुर्सी.
एवढ्या लांब येऊन
पहिला शब्द कळला तो हा.
बसले. घरांच्या फटींतून समुद्र
दिसत होता, जात होता.

तिचं नाव मबरूका. ती सलांबोला उतरली.
अवशेष अजून थोडे पुढे होते, दोन हजार वर्षं थांबलेले,
पण खुर्ची आणि टोपली ती एकटी कशी नेणार,
आणि माझा एक हात मोकळा,
शिवाय डोक्यावर उधारी.

खुर्ची तिच्या सासऱ्यांची, म्हाताऱ्या शाझलींची.
त्यांनी आधी विणकाम अंगठ्याने दाबून पाहिलं,
मग बसले, मग माझ्यावर फ्रेंचमध्ये
बराच वेळ रागावले, किंवा आशीर्वाद दिला.
मी रुमाल सोडला.
मबरूकाने जहाजाची अंडी चिरून पावावर मांडली,
वर हरिसा, वर तेलाची धार.
नाक वाहेपर्यंत खाल्लं.

गच्चीवरून तिने हनुवटीने टेकडी दाखवली: कार्थेज.
वाळत घातलेल्या दोन चादरींच्या मधोमध.
वारा आला की तेही नाही.

निघताना वीसची नोट पुढे केली. म्हणाले, हिशेब.
ती हसत सुटली, हसाब! हसाब!
आणि नोट माझ्याच मुठीत दाबून मूठ मिटली.
शाझलींनी खिसे चाचपले,
परतीच्या तिकिटापुरतं एक नाणं मोजून दिलं.
एकच होतं, तरी मोजून.

फाटकावर लिंबांच्या लोणच्याची बरणी अडवली.
खाण्याचं वर नेता येत नाही, रोदेल म्हणाला, जहाजाचा पहारेकरी.
झाकण उघडून हुंगलं,
मग बरणी कचऱ्यात न टाकता
टेबलाखाली, आपल्या बुटांशेजारी ठेवली.

रात्री वही उघडली.
तिकीट: शून्य. जेवण: शून्य.
वीसची नोट, जशीच्या तशी.
अंडी दोन, खर्ची टाकली.
दोन नाणी कुठल्या रकान्यात घालू कळेना.
बत्तीस वर्षांत बेरीज चुकली नव्हती.

केबिनमध्ये एक खुर्ची आहे.
आज पहिल्यांदा ती ओढून बघितली.
स्क्रूने जमिनीला पक्की बसवलेली.
पलंगावर बसले.
बोटांना अजून लिंबाचा वास होता.